ग्रंथालयातली वाकळ

आमच्या शाळेत पूर्वीपासून ग्रंथालय होतं असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो. होतं ते कुलूप होतं. शेवटच्या खोलीत दोन लाकडी कपाटं, त्यांना कुलूप. खोलीच्या दाराला कुलूप. खिडकीला गज, आणि त्या गजांतून शनिवारी कोंडिबा शिपाई पोरांच्या हातावर एकेक पुस्तक ठेवायचा, रेशन वाटावं तसं. कुठलं पाहिजे ते पोरानं सांगायचं नाही. कोंडिबाच्या हाताला येईल ते घ्यायचं. परत देताना पान दुमडलेलं दिसलं तर कानाखाली. खोलीच्या मधोमध एक लांब टेबल आणि खुर्च्या होत्या, त्यावर मास्तर लोक चहा प्यायचे. पुस्तक उघडून निवांत बसावं अशी हातभर जागा त्या सबंध शाळेत नव्हती.

आमचं गाव न्हावऱ्याच्या जवळ. शिरूर-दौंड एसटी फाट्यावर थांबते, तिथून आत चालत यावं लागतं. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मच्छिंद्र मास्तर त्या एसटीतून उतरले. दौंडचे. वडील रेल्वेत. दिवसा ते शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. मी त्या वर्गात बसले तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. एक वर्ष अक्षरं जोडण्यात गेलं. मग एसटीवरची पाटी, दुकानावरचं नाव, काडेपेटीवरचा मजकूर, जे समोर येईल ते वाचत सुटले. मास्तरांच्या ट्रंकेत पुस्तकं होती ती वाचून संपली.

"मास्तर, शाळंत दोन कपाटं भरून पुस्तकं हायेत," मी एकदा म्हणाले. "ती कुणासाठी हायेत?"

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तानुमावशी, मी त्याच्याच मागे आहे. खोली उघडायची आहे. पोरांनी आत यावं, हवं ते काढावं, हवं तसं बसावं. आणि शाळा सुटली की दिवस मावळेपर्यंत ती खोली आपल्या वर्गातल्या बायकांची."

"आमी आत बसायचं? शाळंत?"

"आत बसायचं. शाळेत."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

मास्तरांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून टेबल-खुर्च्या बाहेर काढल्या. कपाटांची दारं उतरवली. फळ्या इतक्या खाली आणल्या की पहिलीतल्या पोराचा हात पोचावा. भिंतीला चुना लावला. लिंबाच्या झाडाकडच्या खिडकीचे गज काढले, तेव्हा कोंडिबा म्हणाला, "आता पुस्तकं चोरीला जातील." मास्तर म्हणाले, "जाऊ देत. चोरून का होईना, कुणीतरी वाचील."

राहिली फरशी. शहाबादी फरशी, थंडीत तिच्यावर पाय ठेववत नाही. गोणपाट टाकून बघितलं तर ते पोरांच्या मांड्यांना टोचायचं. मास्तर मला म्हणाले, "मावशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक वाकळ शिवाल?"

वाकळ शिवणं हा माझा पोटाचा धंदा. जुनी लुगडी, धोतरं धुऊन एकावर एक पसरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर ठिगळं मांडायची आणि कडेपासून आत टाके घालत यायचं. गावातल्या निम्म्या घरांत माझ्या हातच्या वाकळा आहेत. मी त्यांच्या अंगणात बसून शिवायचे. कापड त्यांचं, दोरा त्यांचा, माझे फक्त टाके. वाकळ झाली की मी बाजूला व्हायचे, आणि घरातली बाई तांब्यातलं पाणी वाकळेवर शिंपडून मगच ती आत न्यायची. माझे टाके पांघरून ते लोक रात्रभर झोपायचे, पण आधी पाणी शिंपडून. आम्ही धम्म घेतला, विठोबा-म्हसोबा सगळं सोडलं, तरी त्यांचा तांब्या काही सुटला नाही.

मी म्हणाले, "एकच कशाला मास्तर? चार करू. धुवायला सोप्या."

"नको. चार केल्या की चार घोळके बसतील. कोण कुठल्या वाकळेवर, ते तुम्हाला सांगायला नको. एकच करा. आणि प्रत्येक घराचं एक ठिगळ वर दिसू द्या."

माणूस दौंडचा असला तरी त्याला आमचं गाव कळलं होतं.

शाळेनं दवंडी दिली आणि मी शेवंताबाईला घेऊन कापडं गोळा करायला निघाले. शेवंताबाई माझी शेजारीण, वर्गातही माझ्याच शेजारी बसणारी. तोंडानं फटकळ.

पहिलं घर हौसरावांचं. हौसराव शाळा समितीचे अध्यक्ष, बागायतदार. त्यांची आई भागुबाई ओट्यावर बसली होती. आम्ही खाली उभ्या राहिलो.

"शाळंत वाकळ?" ती म्हणाली. "आता पोरं शाळंत निजणार व्हय?"

"बसून वाचतील, आक्का."

"बसाया फरशी हाय की. आमच्या येळंला श्यान सारवलेलं व्हतं." तिनं आत हाक मारली. कुणीतरी माळ्यावरून एक गाठोडं ओढून आणलं. भागुबाईनं ते न उघडताच ओट्यावरून खाली टाकलं. "घे. कंदील पुसाया ठेवलं व्हतं. लागंल तेवढं घे, बाकीचं तूच ठेव."

वस्तीत येऊन गाठोडं सोडलं. काजळीनं काळ्या झालेल्या चिंध्या. त्यांत एक लांब तुकडा होता, पूर्वी गुलाबी असावा. कडेला जरीची बारीक रेघ. मी तो उजेडात धरला आणि ओळखला. हौसरावांच्या वडिलांचा पटका. म्हातारा बाजारच्या दिवशी तो बांधून शिरूरला जायचा, तेव्हा लांबून दिसायचा. हौसराव लहान असतानाच तो गेला. त्याच्या पटक्यानं घरच्यांनी कंदील पुसले, आणि आता न बघता माझ्या पायाशी टाकला.

"परत न्यायाचा का?" शेवंताबाईनं विचारलं.

"कशाला? आपल्याला कुणी विचारलंय?"

बाकीच्या घरांनी काय दिलं ते सांगायची लाज मला का वाटावी? ज्यांनी दिलं त्यांना वाटायला पाहिजे. रतनबाईनं उंदरांनी कुरतडलेलं लुगडं दिलं. तिच्या घरी दोन विहिरी आणि म्हशींचा गोठा. सिंधूबाई हौसरावांच्या चुलत घरातली सून. तिनं दिलेल्या लुगड्याला एवढं मोठं भोक होतं की शेवंताबाईनं त्यातून डोकं घालून दाखवलं. "तानू, बघ, सदरा झाला."

वस्तीत मात्र उलटं. ज्याच्या घरी दोनच लुगडी त्या घरानंही धड कापड काढलं. शेवंताबाईनं ट्रंकेतून हिरवं इरकल आणलं. लग्न-कार्याशिवाय ती ते नेसत नव्हती.

"अगं, ह्ये कशाला फाडतीस?"

"माझी नात बसणार हाय त्याच्यावर."

मग मीही माझं जांभळं लुगडं काढलं. मालकानं हयात असताना दौंडच्या बाजारातून आणलेलं. आम्ही चांगलं दिलं. का दिलं? शाळेत काही द्यायची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती म्हणून. पुढं जे झालं ते आठवलं की त्या हौसेचाही मला राग येतो.

वाकळ त्याच खोलीत बसून शिवली. शेवंताबाई एका भिंतीकडून, मी दुसऱ्या भिंतीकडून. कुरतडलेलं होतं तिथं खाली अस्तर लावून टाके घट्ट घातले. भोक बुजवलं. धुऊन धुऊन चिंध्यांची काजळी जाईल तेवढी घालवली, पण फिकट मळका रंग राहिलाच. हिरवं इरकल मधोमध लावलं. जांभळं त्याच्या शेजारी. पटका खिडकीखाली लावला, जरीची रेघ वर ठेवून. तिथं उजेड सगळ्यात चांगला येतो.

ज्या दिवशी खोली उघडली त्या दिवशी पोरं आधी दारातच उभी राहिली. पायताण कुठं काढू, हात लावू का, बसू का. कोंडिबाकडं बघत होती. मास्तर स्वतः वाकळेवर पालथे पडले, कोपर टेकून पुस्तक उघडलं. मग एक पोरगं शिरलं, मग सगळी. थोड्या वेळानं बघितलं तर कुणी भिंतीला पाठ लावून, कुणी पोटावर, कुणी दुसऱ्याच्या पोटरीवर डोकं ठेवून. पुस्तकं खालच्या फळीवरून ओढत होती, चित्रं बघून परत ठेवत होती, दुसरं ओढत होती. हौसरावांचा धाकटा पोरगा पोपट शेवंताबाईच्या नातीच्या पुस्तकात डोकावून म्हणत होता, "पान लवकर उलट ना गं." ती म्हणत होती, "थांब, माझं व्हायचंय."

शाळा सुटल्यावर आम्ही वर्गातल्या बायका गेलो. मी खिडकीखाली बसले. पाठीला भिंत, पायांखाली मऊ, हातात माझ्या मी निवडलेलं पुस्तक. जन्मात पहिल्यांदा गावासाठी शिवलेल्या वाकळेवर मी बसले होते आणि कुणी पाणी शिंपडलं नव्हतं.

चार दिवस बसले. मग पोपटानं घरी जाऊन आजीला सांगितलं की शाळेत आम्ही सगळे एकाच वाकळेवर लोळतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला हौसराव आले. मी दारात होते. ते आत आले नाहीत. काठीनं वाकळेची कड उचलून बघितली.

"मास्तर, काम झ्याक झालंय," ते म्हणाले. "फकस्त एक इचारायचं व्हतं. ह्याच्यात खालच्या वस्तीतली लुगडी हायेत म्हणं."

"सगळ्या गावातली आहेत," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

कोंडिबा मागून म्हणाला, "मालक, पाणी शिंपडू का? नेहमी शिंपडत्यात तसं."

"येडा का खुळा तू? नेहमीच्या वाकळंत कापड आपलं आसतं. निस्तं शिवल्याला हात त्यांचा, त्यो पाण्यानं जातो. हितं कापडच त्यांचं हाय. आत भरलंय ते कसं जाणार?" मग माझ्याकडं वळले. "तानू, तुमच्याकडची ठिगळं कोणती?"

"सांगणार न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई सांगणार."

हौसराव हसले. त्यांना ओरडायची सवय नव्हती. ओरडावं लागतं ते गरिबाला. "हे बघा मास्तर, आमी कुणाला बसू नका म्हणत न्हाई. कायदा आमाला बी कळतो. समद्यांनी बसावं. फकस्त ती ठिगळं काढून त्यांची एक बैठक करा, आन् ती दाराजवळ टाका. ज्याचं त्याला."

"पोरांनी काय बिघडवलंय?" मास्तर म्हणाले.

"पोरांनी न्हाई. पोरं गुणी हायेत. तुमी नवीन हाय. आन् बदल्या काय, दर जूनला निघत्यात."

मास्तर फळीवरची पुस्तकं सरळ करायला लागले. हौसराव काठी टेकीत उभे राहिले आणि म्हणाले, "ही सांगत न्हाई तर नको सांगू दे. बाई आपलं लुगडं आंधारात बी ओळखती. आईतवारी गावातल्या बायका येतील. जिचं तिनं हात ठेवून सांगावं. उरंल ते यांचं. उसवून टाकू."

ते गेल्यावर मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मावशी, चार-दोन ठिगळांचा प्रश्न आहे. खोली तर उघडी राहील. पुस्तकं तर मिळतील."

"आन् मी कुठं बसू, मास्तर?"

ते पुस्तकं सरळ करीत राहिले.

"दाराजवळ? तुमी तर म्हणाला व्हता, आत बसायचं. शाळंत."

"मी काय करू सांगा."

"एकच वाकळ करा आसं तुमीच म्हणाला. मी चार म्हणत व्हते."

हे बोलून मी निघाले. भला माणूस होता. पण भल्या माणसाचा राग जास्त येतो, कारण त्याच्याकडून काही तरी मिळेल असं वाटलेलं असतं.

रविवारी सकाळी खोलीच्या दाराशी बायकांची गर्दी. सणाला जमाव्यात तशा जमल्या होत्या. हौसराव खिडकीपाशी उभे, हातात काठी. मुख्याध्यापक कामासाठी पुण्याला गेले होते, म्हणजे जाणूनबुजून गेले होते. मच्छिंद्र मास्तर भिंतीला टेकून. शेवंताबाई आणि मी कोपऱ्यात. मी शेवंताबाईला घरूनच सांगून आणलं होतं, तोंड उघडायचं नाही.

"पहिल्यांदा आई," हौसराव म्हणाले.

भागुबाई आत आली. वाकळेवरून पाय जपून टाकत मधोमध गेली, सगळीकडं बघितलं. चिंध्या बघितल्या. दारातल्या बायकांकडं बघितलं. साऱ्या गावच्या बायका टक लावून उभ्या. मग ती वाकली आणि शेवंताबाईच्या हिरव्या इरकलावर हात ठेवला.

"ह्ये माझं. माहेरचं हाय."

शेवंताबाईनं माझ्या दंडाला इतका चिमटा घेतला की मी ओरडलेच असते.

दारातून सिंधूबाई म्हणाली, "आत्याबाई, तुमी चुकताय. ते मी दिलंय."

"तू?"

"व्हय. दिवाळीला नेसले व्हते. समद्यांनी बघितलंय."

"कुठल्या दिवाळीला गं?"

"तुमाला दिसत व्हतं तवाच्या."

बायका हसल्या. भागुबाईनं इरकलावरचा हात काढला नाही. सिंधूबाई आत आली आणि त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकावर तिनं हात ठेवला. "आर्धं तुमचं, आर्धं माझं म्हणा. भांडण नको."

शेवंताबाई माझ्या कानात पुटपुटली, "तानू, माझं लुगडं दोघी मिळून नेसल्या."

मला हसू आलं नाही. कारण आता काय होणार ते मला दिसायला लागलं होतं. रतनबाई आली. तिनं उंदरांनी खाल्लेल्या आपल्या तुकड्याकडं तिरकं बघितलं, त्याच्यावरून पाय टाकून पुढं गेली आणि माझ्या जांभळ्यावर हात ठेवला. "ह्ये माझ्या दिरानं आणल्यालं." तिच्यामागून एकेक. जी ती येई, चारचौघींच्या नजरा पाठीवर घेई, आपण दिलेली चिंधी बघून न बघितल्यासारखी करी, आणि वस्तीतल्या धड कापडावर हात ठेवी. एकीलाही आपलं दिलेलं आपलं म्हणवेना. आमच्या दारिद्र्याची कापडं सारी त्यांची झाली, आणि त्यांच्या कंजूषपणाची बेवारस राहिली.

शेवटी राहिल्या त्या चिंध्या. हौसरावांनी काठीनं एकेक दाखवली.

"ही, ही आन् ती. समजलं? सांगायला कशाला पाहिजे. रया बघा की."

"मी मगाच म्हणणार व्हते," भागुबाई नाक पदरानं झाकून म्हणाली. "वास येतोय."

वास येत होता खरा. कंदिलाचा. कुणाच्या घरातल्या कंदिलाचा, ते माझ्या तोंडाशी आलं होतं. शेवंताबाई माझ्याकडं बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर त्या दोघी-तिघींची तोंडं काळी झाली असती, आणि मग हौसरावांनी इरकल आणि जांभळं उसवायला लावलं असतं. मी ओठ आवळून धरले.

"उसव, तानू," हौसराव म्हणाले.

"न्हाई."

"तू शिवलंय, तूच उसव."

"मी शिवलंय म्हणूनच न्हाई उसवणार. ज्याला खुपतंय त्यानं उसवावं."

हौसरावांनी कोंडिबाकडं बघितलं. कोंडिबा दोन पावलं मागं सरला. "मला नका सांगू मालक. हात लावला तर आंघूळ करावी लागंल, आन् आमच्या आडाला पाणी न्हाई."

"सिंधू, तू?"

"आवं भावजी, मी कशी लावू? शिवल ना, इटाळ व्हईल."

मगाशी ह्याच बायका वस्तीच्या लुगड्यांना छातीशी धरायच्या बेतात होत्या. आता आपापल्या चिंध्यांपासून साप असावा तशा लांब उभ्या होत्या. माणसाचं डोकं असं चालतं याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही, फक्त मस्तक तापलं. एवढ्यासाठी आम्ही पिढ्यानपिढ्या अंगणात बसलो.

हौसरावांना दुसरा उपाय राहिला नाही. मास्तर पुस्तकांची चिकटलेली पानं कापायला एक ब्लेड फळीवर ठेवत. हौसरावांनी ते घेतलं, धोतर सावरलं आणि पायांजवळच्या तुकड्यापाशी उकिडवे बसले. खिडकीखालचा तुकडा. फिकट, मळका, गुलाबीचा नुसता भास.

"कसलं चिंधूक ह्ये," ते म्हणाले आणि कड चिमटीत धरून वर ओढली.

कड उचलली तशी जरीची रेघ उन्हात आली.

मी भागुबाईकडं बघत होते. तिचं नाकावरचं पदराचं टोक हळूहळू खाली आलं. ती पुढं झाली, डोळे बारीक केले. पहिला टाका तुटल्याचा आवाज झाला. दुसरा तुटला.

"हौसा, थांब."

"का?"

तिनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक आहे हे तिला त्या क्षणी कळलं. तिला वाटलं असेल मी काही बोलेन, एखादा शब्द टाकून वाट काढून देईन, जन्मभर त्यांच्या दारात 'आक्का, आक्का' करून काढून दिली तशी. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. माझ्याकडून तिला काही मिळणार नव्हतं. तिला बोलायचं तर तिनं बोलावं. हा तुझ्या बापाचा पटका आहे, मी त्यानं कंदील पुसला, ओट्यावरून खाली फेकला, आणि आत्ता त्याचा वास येतो म्हणाले, असं साऱ्या गावापुढं सांगावं.

"का थांब, आई?" हौसराव म्हणाले. ब्लेड तिसऱ्या टाक्यावर होतं.

भागुबाई गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकली आणि त्या तुकड्यावर बसली. मांडी घालून, पूर्ण. हौसरावांना ब्लेड मागं घ्यावं लागलं. तिनं पदर पसरून जरीची रेघ झाकली.



"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरांच्या बुडाखालचं कोण बघतंय."

"आगं, पण तूच म्हणालीस—"

"आता मीच म्हणती ऱ्हाऊ दे. एकबी टाका उसवायचा न्हाई. समदी हाय तशी ऱ्हाऊ दे."

सिंधूबाई दारातून म्हणाली, "आत्याबाई, आता घरी जाऊन आंघूळ का?"

"तू तुझं बघ," भागुबाई म्हणाली. "दिवाळीचं लुगडं शाळंला देणारी दानशूर बाई."

बायका हसल्या, आणि त्या हसण्यात जमाव फुटला. हौसराव उठले. आईकडं बघत राहिले, मग ब्लेड फळीवर ठेवून बाहेर गेले. त्यांना काही कळलं की नाही, मला माहीत नाही. भागुबाई सगळ्यांच्या शेवटी उठली. उठताना तिनं हात टेकला तो त्या तुकड्यावरच, आणि थोडा वेळ ठेवला.

वाकळ अखंड राहिली. म्हणून सगळं चांगलं झालं असं कुणाला वाटेल. ऐका मग. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की भागुबाईंसारख्या थोर मनाच्या माऊलीमुळं आपल्या ग्रंथालयात भेदाभेद उरला नाही. भागुबाईला नारळ दिला. मी कुंपणाजवळ उभी होते, मला कुणी हाक मारली नाही. मच्छिंद्र मास्तरांची जूनमध्येच बदली झाली होती. जाताना भेटायला आले, "मावशी, मी कमी पडलो," म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि "व्हय" म्हणाले.

पण खोलीचं कुलूप गेलं ते गेलं. पोरं लोळतच राहिली. शाळा सुटली की मी जात राहिले, आणि जागा माझी ठरलेली, खिडकीखाली, पटक्यावर. तुटलेले दोन टाके मी परत घातले नाहीत.

पुढच्या थंडीत एका संध्याकाळी मी तिथं वाचत बसले होते. खिडकीबाहेर भागुबाई येऊन उभी राहिली. लिंबाखाली, एकटीच. गज नव्हते, त्यामुळं आमच्यात काही नव्हतं.

"तानू."

"काय, आक्का?"

"तेवढा तुकडा मला दे. मी दुसरं कापड देती. चांगलं देती, नवं."

तिनं खरंच हातात घडी आणली होती. नवं कोरं, दुकानातलं. मी ते बघितलं, पुस्तकात बोट घालून ठेवलं आणि म्हणाले, "कोणता तुकडा, आक्का? ती तर आमच्याकडची चिंधी हाय. हौसरावांनी समद्या गावापुढं सांगितलंय."

"तुला ठावं हाय."

"तुमालाबी ठावं व्हतं. बोलला न्हाई."

ती घडी छातीशी धरून उभी राहिली.

"वाकळ शाळंची हाय," मी म्हणाले. "तुमीच म्हणाला, एकबी टाका उसवायचा न्हाई. पाहिजे आसंल तर आत या. हितं जागा हाय. बसा त्याच्यावर."

मी थोडी सरकले. अर्धा पटका मोकळा केला. ती बघत राहिली, त्याच्याकडं आणि माझ्याकडं. दार चार पावलांवर होतं, उघडंच होतं. मग ती वळली आणि घडी तशीच घेऊन गावाकडं चालू लागली.

मी पुन्हा जागेवर सरकले आणि बोट ठेवलेलं पान उघडलं. उजेड होता तोवर वाचत बसले.